दोन सीटांमधला दांडा

आत्याच्या घरात दिवसभर बोलायला फक्त फ्रिज असायचा. मध्येच तो घरघरायचा, थरथरून गप्प व्हायचा, आणि तो गप्प झाला की घर किती रिकामं आहे ते कळायचं. आत्या नर्स होती. सकाळची ड्युटी असली की मी उठायच्या आत ती निघून गेलेली असायची, आणि ओट्यावर स्टीलच्या डब्यात चार चपात्या, शेंगदाण्याची चटणी, झाकणाखाली चिठ्ठी: ‘पाणी आलं तर भरून घे.’ सिडकोत आमच्या लाइनीला नळ आठवड्यातून एकदा यायचा, पण चिठ्ठी रोज असायची. मी कॉलेजातून एकच्या सुमारास परत यायचे. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत जेवायचे. शेवटची शिट्टी झाली की जिन्यात फोडणीचा वास यायचा आणि त्यांची मुलं ‘मम्मी, वाढ ना’ म्हणून ओरडायला लागायची. तेव्हा मी दार लावून घ्यायचे. लोकांची जेवणं ऐकत जेवणं मला सोसायचं नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी दार पुन्हा उघडं ठेवायचे. माझं डोकं तेव्हाही असंच होतं.

आमच्या गावाहून, पिशोरहून, मला शहरात आणलं ते अकरावी सायन्सला. तेव्हा बसच्या पाटीवर औरंगाबाद लिहिलेलं असायचं. आई मी सातवीत असताना गेली. त्यानंतर घरात मी आणि आबा, म्हणजे माझे वडील. आबांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं, बाजाराच्या रस्त्याला, पत्र्याचं. शाळा सुटली की मी तिथंच असायचे, पाने हातात द्यायचे, ऑइलच्या डब्यावर बसून गृहपाठ करायचे. दहावीला मार्क बरे पडले आणि आबांनी जाहीर केलं की पोरगी शिकायला आत्याकडे जाणार. मला जायचं नव्हतं. ते मी भांडून सांगितलं, रडून सांगितलं, दोन दिवस न जेवता सांगितलं. आबा म्हणाले, “हाताला ऑइल लागू द्यायचं नाय तुझ्या. जा.” त्यानंतर आमचं बोलणंच आटलं. दर रविवारी फोन यायचा. “जयभीम. जेवलीस का? अभ्यास? बरं. ठेव.” घड्याळ लावून बघितलं तर चाळीस सेकंद भरायचे.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी हजेरीला “व्हय सर” म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. काही वाईट मनाने हसले नसतील, आता वाटतं. पण मी मात्र त्या दिवशी तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच. मैत्रिणी मिळवायला दोन वाक्यं तरी बोलावी लागतात, आणि माझी दोन वाक्यं तोंडातून बाहेर पडेपर्यंत समोरची मुलगी क्लासच्या बसमध्ये चढलेली असायची.

आत्याचा मुलगा हैदराबादला नोकरीला गेला होता. त्याच्या कपाटात खालच्या कप्प्यात मला एक खोका सापडला. आत प्लास्टिकचे ठोकळे, भोकांच्या पट्ट्या, बारीक दांडे आणि नखाएवढी दातेरी चाकं. लहानपणी त्याला कुणीतरी परदेशातून आणून दिलेला तो एक टो-ट्रक होता, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा. अर्धे तुकडे हरवलेले. पण दातेरी चाकं शाबूत होती! एका दुपारी मी ती जमिनीवर मांडली आणि संध्याकाळी आत्या आली तेव्हा तिला माझ्या पायाजवळ एक गिअरबॉक्स सापडला, ज्याला दोन वेग होते आणि गाडी अजिबात नव्हती. “हे काय गं?” आत्या म्हणाली. “टाइमपास,” मी म्हणाले. तिने पायातल्या चपला काढल्या, तुकडे ओलांडून गेली आणि भात लावला. दिवसभर पेशंटांचं ऐकून आलेल्या बाईला आणखी काय विचारणार?

त्या ठोकळ्यांपायी मी मोबाइलवर शोधत शोधत एका वेबसाइटवर पोचले. जगभरची मोठी माणसं, टक्कल पडलेली, नातवंडं असलेली, तिथं एकाच विषयावर बोलायची: ठोकळ्यांची पुढची गाडी कोणती येणार आणि ती आतून काय काय करणार. कंपनी सांगायची नाही. मग कुठून तरी खोक्याचा एक धूसर फोटो फुटायचा आणि त्या फोटोवर चारशे-पाचशे उत्तरं पडायची. स्टिअरिंग खरं चालतं का, इंजिनातले पिस्टन वरखाली होतात का, दार कशाने उघडतं, मागे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शियल आहे की नुसताच सरळ दांडा. गाडी अजून बाजारात नाही, कुणी हातात धरलेली नाही, आणि माणसं तिच्यासाठी भांडतायत! मला ते फार आवडलं. तिथं माझा उच्चार कुणाला ऐकू येत नव्हता. मी डिक्शनरी उघडी ठेवून इंग्रजीत तीन-तीन ओळी लिहायचे. ‘ओल्डपिस्टन’ असं नाव घेतलेले एक गृहस्थ मला नेहमी उत्तर द्यायचे आणि शेवटी ‘मित्रा’ म्हणायचे. मी मुलगी आहे आणि माझ्याकडे अर्धा टो-ट्रक आहे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात एका गाडीचे दोन फोटो फुटले. लाल रंगाची, बुटकी, मागे इंजिन असलेली रेसची गाडी. एक फोटो वरून काढलेला, त्यात दोन सीटांच्या मध्ये एक छोटा दांडा दिसत होता. दुसरा खालून, पोटाचा, त्यात तो दांडा जिथं असावा तिथून एक लांब शाफ्ट मागच्या चाकांकडे गेलेला. सगळ्यांचं मत एकच: तो गिअरचा दांडा. पुढे, न्यूट्रल, मागे. त्यावर कुणी वादही घालत नव्हतं, वाद दारांवर चालला होता. मला मात्र ते पटेना. का पटत नाही ते सांगता येईना, नुसतं वाटत होतं की इथं काहीतरी कमी आहे. तीन दिवस मी तो फोटो मोठा करकरून बघितला. केमिस्ट्रीच्या वहीत त्याची चित्रं काढली. आणि मग मला आबांच्या दुकानातली पद्धत आठवली.

आबांच्या दुकानात कुठलाही गिअरबॉक्स थेट उघडायचा नाही, असा नेम होता. नटाला पाना लावायच्या आधी तिथं हजर असलेल्या प्रत्येकाने सांगायचं की आत काय तुटलेलं निघेल. ट्रॅक्टरच्या मालकाने सांगायचं, चहा घेऊन आलेल्याने सांगायचं, मी सांगायचं. आबा खडूने शटरवर सगळ्यांचे अंदाज लिहायचे आणि मगच उघडायचे. “उघडल्यावर कुणीबी शहाणं व्हतंय,” म्हणायचे. मालक कातावायचे, त्यांना पेरणी गाठायची असायची. पण आबा ऐकायचे नाहीत. चौथीत असताना एकदा माझा अंदाज बरोबर निघाला, बेअरिंगचा, आणि तो शटरवर पुढचा पावसाळा येईपर्यंत तसाच होता.

म्हणून मी रविवारची वाट न बघता बुधवारी दुपारी आबांना फोन लावला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला. “काय झालं? बरी हायस ना?” ते घाबरलेच होते. आता खरं काय ते सांगायचं की नाही? आत्याने आधीच त्यांच्या कानावर घातलेलं होतं की पोरगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसते. खेळण्यातल्या गाडीसाठी फोन केला म्हटलं असतं तर मोबाइलच काढून घेतला असता. मी म्हणाले, “आबा, फिजिक्सच्या सरांनी प्रोजेक्ट दिलाय. एका गाडीचा. फोटो बघून आतलं सांगायचं.”

“किती मार्काचा?”

“वीस,” मी ठोकून दिलं.

“मग पाठीव फोटू.”

व्हॉट्सअपवर फोटो गेले. अर्ध्या तासाने आबांचा फोन. पलीकडे हातोड्याचे आवाज, कुणाचा तरी ट्रॅक्टर रेस होत असलेला. आबा ओरडून बोलत होते. “त्यो गिअरचा दांडा नाय गं! गिअर टाकला की दाताला दात धरून ठिवायला खटका लागतो. हाताला खट् लागतं का नाय? त्यो खटका. ह्यात खटक्याला जागाच नाय. पळता पळता गिअर निसटंल. ह्यो लिफ्टचा दांडा हाय. मागं कायतरी वर उचलतोय ह्यो.” मला एकदम बसल्या जागी दिसलं. ट्रॅक्टरला दोन दांडे असतात, एक गिअरचा आणि एक मागचा नांगर उचलायचा, आणि मी लहानपणापासून दोन्ही हाताळले होते. जे कमी वाटत होतं ते हेच. मी म्हणाले, “मागं पंख आहे आबा, शेपटासारखा. वाऱ्याने गाडी खाली दाबायला असतो.” “मग त्योच!” आबा म्हणाले. फोन ठेवल्यावर बघितलं तर आम्ही बावीस मिनिटं बोललो होतो.

त्यानंतर तीन आठवडे रोज फोन. दुपारी दोनला, दुकानात गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. शाफ्टला वळण कसं दिलं असेल, पंख वर गेल्यावर तो खाली पडू नये म्हणून काय केलं असेल, आबा बारा शक्यता काढायचे आणि अकरा स्वतःच खोडायचे. मध्येच सांगायचे की आज येसराची, भाजून दळलेल्या मसाल्याची, आमटी केली होती, तिखट झाली. किंवा दुकानापुढच्या लिंबावर पोळं बसलंय. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून इतकं बोलणं मी ऐकलं नव्हतं. मी त्या दिवसांत खालच्या बाईंच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले. मला वाटत होतं की आबा मला मदत करतायत. पिशोरच्या त्या घरात चूल एकट्यासाठी पेटवणारा माणूस दोन वाजायची वाट बघत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. एकटेपणा फक्त मलाच आहे असं समजायचं ते वय होतं. आता मी आबांच्या तेव्हाच्या वयाकडे निघालेय, आणि दुपारी दोनच्या सुमाराला मलाही फोनकडे बघायची सवय लागलीय.

वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायचा माझा स्वभाव नाही, म्हणून सांगून टाकते: सहा महिन्यांनी गाडी बाजारात आली तेव्हा तो दांडा ओढल्यावर मागचा पंखच वर आला. आबांचं बरोबर निघालं. पण या प्रकरणाचा त्याच्याशी तसा संबंध नाही.

मी आबांचं म्हणणं त्या वेबसाइटवर लिहिलं आणि लोक हसले. ‘ट्रॅक्टर आणि रेसची गाडी यात फरक असतो,’ असं एकाने लिहिलं. ओल्डपिस्टनसुद्धा या वेळी माझ्या बाजूने नव्हते. मी फोनवर आबांना म्हणाले, “कुणालाच पटत नाहीये.”

“सरांला बी नाय?”

“सरांनापण नाही,” मी म्हणाले. एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप तयार असतं.

आबा म्हणाले, “वीस मार्क जातील की मग तुझे.”

चार दिवसांनी, बायोलॉजीच्या तासाला शिपाईकाका वर्गात आले आणि माझं नाव घेऊन म्हणाले, स्टाफरूममध्ये बोलावलंय. मी गेले तर दारातच मला आबांचा वास आला, ऑइल आणि कपडे धुवायच्या पावडरीचा. ते टेबलाशी उभे होते. लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घातलेला. हात घासून घासून लाल केलेले, तरी नखांतलं काळं गेलं नव्हतं. पायाशी खताची रिकामी गोणी आणि टेबलावर, हजेरीच्या रजिस्टरांच्या मध्ये, एक बाभळीची फळी. फळीवर रसवंतीच्या जुन्या चरकातल्या दोन गराऱ्या, म्हणजे दातेरी चाकं, एक दांडा आणि एक लोखंडी खटका, काढता-घालता येणारा. ते धूड त्यांनी पिशोरहून बसमधून मांडीवर आणलं होतं. “जयभीम सर” म्हणून त्यांनी सुरुवात केली होती आणि सर “नमस्कार, नमस्कार” म्हणाले होते, हे मला नंतर कळलं.

“हे तुझे वडील ना?” सरांनी विचारलं. ते चिडलेले नव्हते, त्यांना नुसतं कोडं पडलं होतं. “हे म्हणतायत मी तुम्हाला कुठल्यातरी रेसच्या गाडीचा प्रोजेक्ट दिलाय. वीस मार्कांचा. आणि माझं उत्तर चुकलंय.”

पलीकडे केमिस्ट्रीच्या मॅडम हसू दाबत होत्या. कोपऱ्यातले एक सर दाबत नव्हते. “काका, ते भंगार जरा टेबलावरून घ्या, रजिस्टरं खराब होतील,” ते म्हणाले. दारात माझ्या वर्गातल्या दोघी प्रॅक्टिकलच्या वह्या घेऊन उभ्या होत्या आणि सगळं बघत होत्या. आबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भरवसा होता. पोरगी आली, आता पोरगी सांगेल.

मी म्हणाले, “मला काही माहीत नाही, सर. मी असं काही सांगितलं नव्हतं.”

शुद्ध, शहरातलं मराठी. एवढं चांगलं वाक्य मी त्या कॉलेजात पहिल्यांदाच बोलले असेन.

आबांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग सरांकडे वळून हात जोडले. “माझाच घोळ झाला सर. आमच्याकडं रेंज नसती, अर्धंमुर्धं ऐकू येतंय. पोरीला कशाचा पत्ता नाय.” ते गोणीत फळी घालायला लागले, मग थांबले. “पण आणलंच हाय तर एकदा बघून तर घ्या.” सर भले होते, मान हलवली. आबांनी खटका काढला, गरारी फिरवली, दांडा ढकलला. दात भिडले आणि दोन फेऱ्यांत निसटले. मग खटका घातला. खट्. दात निसटले नाहीत. “बस, एवढंच म्हणायचं होतं,” आबा म्हणाले, आणि बाहीने टेबल पुसलं.

बसस्टँडपर्यंत आम्ही रिक्षाने गेलो. गोणी त्यांच्या मांडीवर. मी एक बाजू धरू का, एवढंही मी विचारलं नाही, आणि त्या दिवसातलं हे मला जास्त टोचतं. स्टँडवर बाकावर बसल्यावर त्यांनी पिशवीतून माझ्यासाठी आणलेलं येसर काढलं, ज्वारीचं पीठ काढलं, आणि सहज विचारावं तसं विचारलं, “मग इचारत कोण व्हतं गं?”

मी सगळं सांगितलं. कपाटातला खोका, फोटो, परदेशातली टक्कल पडलेली माणसं, ओल्डपिस्टन. खेळण्यातली गाडी. ती अजून दुकानात आलेलीसुद्धा नाही, हेही सांगितलं. मला वाटलं ते आता मारतील तरी, नाहीतर मोबाइल मागतील. ते गोणीच्या तोंडाची सुतळी सोडून पुन्हा बांधत बसले. शेवटी म्हणाले, “एवढा खटाटोप कशाला केला? बोलावं वाटलं तर नुसता फोन लावायचा. मी काय, रिकामाच असतोय.”

मला रडू फुटायला आलं होतं आणि मी चिडले. “मला कुठं बोलावं वाटत होतं? मला त्या दांड्याचंच विचारायचं होतं.”

“व्हय,” आबा म्हणाले. “बरोबर हाय.” पिशोरची बस लागली. ते गोणी खांद्यावर घेऊन चढले, खिडकीशी बसले, आणि बस मागे घेताना मला हाताने ‘जा, घरी जा’ अशी खूण केली.

मी गेले नाही. ज्या फलाटावरून बस गेली तिथंच उभी राहिले. आत्या रात्री आठला येणार, घरी फ्रिज, ओट्यावर चिठ्ठी. ते सगळं पहिल्यांदा मला सहन होईना असं झालं, आणि असं का होतंय ते मघाशी आबांनी मला साध्या मराठीत सांगितलेलं होतं: बोलावं वाटत होतं. मी फोन लावला.

“काय गं? काय ऱ्हायलं का?” बसचा खडखडाट, कंडक्टर कुणाला तरी सुट्टे मागत असलेला.

“नाय,” मी म्हणाले. “नुसताच लावला.”

“बरं केलंस,” आबा म्हणाले. “मी बी खिशातून काढलाच व्हता, पण म्हणलं, तू चिडशील.”

मग आम्हाला दोघांनाही पुढे काय बोलायचं ते सुचेना. गाडीचं काढलं असतं तर तासभर बोललो असतो, पण ते आम्ही दोघांनीही काढलं नाही. तसाच फोन कानाला लावून मी फलाटावर उभी होते, आणि ते खिडकीशी बसून होते, शहराबाहेर, हर्सूलच्या पुढे कुठंतरी रेंज जाईपर्यंत.